कानशीची खूण

संशयी मानूस पाहाचा असंन, तं आमच्या दादारावमामाले पाहा लागत होतं. बार्शीटाकळीवून अकोल्याले कापूस नेनारा त्याचा जुना डिझेलचा ट्रक चढावर रडाले लागला. इंजिनात डिझेल फवारनारे नवे नोझल परवडत नव्हते, म्हून मामानं मोडीत निघालेल्या मोठ्या ट्रकचे नोझल स्वस्तात उचलून आनले. बसवाचं काम वामन मिस्त्रीचं.

मामा मले म्हने, "हा मिस्त्री माहे नोझल दाबीन अन् त्याचं भंगार बसवीन. लिहून घे!"

म्हून आदल्या सांजेले मामानं घरी एकेक नोझल खोललं, आतली सुई काढली, अन् कोनाले दिसू नये म्हून नेमकी टोकावर कानशीनं घासून खूण केली.

दुसऱ्या दिवशी बाजारातच मिस्त्रीनं नोझल बसवले. ट्रक चालू केला तं असा काळा धूर, का अख्खा बाजार खोकाले लागला. मामानं मिस्त्रीची कॉलरच धरली.

"बदलले ना माहे नोझल? खोल! सगळ्यायसमोर खोल!"

मिस्त्रीनं खोलले. हरेक सुईवर मामाची खूण होती.

"हे टोक कोनं घासलं?" मिस्त्री वरडला. "टोक घासलं का डिझेल फवारत नाही, नुसतं गळते! सगळे नोझल कामातून गेले!"

मामानं एक सुई उचलून पाह्यली. आमाले वाटलं, आता तरी माफी मांगते.

मामानं डोळे बारीक केले. "काल मी कानस कोनाजवळून नेली होती?"

"माह्याजवळून."

"पाह्यलं?" मामा आमच्याकडे वळून म्हने, "याचा डाव कालपासूनच चालू होता!"