बटण नसलेला पडदा

आता लिनक्स टाकलं की पडदा आपोआप उजळतो, म्हणून तुम्हाला आमचे हाल कळायचे नाहीत. नव्वदच्या दशकात साहेबांनी मला बजावलं होतं, "सोमवारपर्यंत चित्र दिसलं नाही, तर विंडोज टाकायचं." म्हणून ऑफिसचं मशीन रिक्षात घालून मी बंगळूरमधल्या बनशंकरीतल्या खोलीवर आणलं. आमचं ग्राफिक्स कार्ड लिनक्सच्या यादीतच नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचा ड्रायव्हर लावला, तर पडद्यावर नुसते तिरके पट्टे!

तेवढ्यात घरमालक भीमण्णा डोकावले. पिढ्यान् पिढ्या इथलेच, मराठी फक्त घरात, आणि धंदा टीव्ही दुरुस्तीचा. बघताक्षणी म्हणाले, "ह्याचा हॉरिझॉन्टल होल्ड गेलाय की. चित्र स्थिर करायचं बटण कुठंय?"

"बटण नाही अण्णा. या फाईलमधले आकडे बदलायचे."

"एवढी शिकलेली माणसं, एक बटण नाही बसवलं? बरं, बदल. मी सांगतो."

मी आकडा बदलून पडदा पुन्हा सुरू करायचो आणि अण्णा पट्ट्यांकडे बघत ओरडायचे, "स्वल्प कमी! अजून स्वल्प! जास्त झालं, मागं ये!" सतराव्या खेपेला पट्टे गेले आणि अख्खं चित्र लख्ख उभं राहिलं.

"सरी! जमलं!" असं कानडी-मराठीत म्हणून अण्णा जेवायला गेले. मी एकटाच खोलीभर नाचलो.

सोमवारी साहेब पडद्याकडे बघतच राहिले. "कुठल्या पुस्तकात सापडलं?"

मी खरं ते सांगितलं. साहेबांनी विंडोजची सीडी गुपचूप खणात टाकली आणि आवाज खाली आणून विचारलं, "माझ्या घरच्या टीव्हीवरही पट्टे येतात रे. येतील का तुझे अण्णा?"