मागचा सोफा दिसला पाहिजे

...आणि वर चॅनलवाले मलाच विचारतात, "लेखक, हा माणूस गप्प का बसलाय?" अहो, कित्येक वर्षांनी सख्खा भाऊ दारात उभा राहिलाय, गप्प बसेल नाहीतर काय भाषण करेल? तुम्हाला सांगतो, मी टीव्हीच्या मालिका लिहितो, म्हणजे लिहायचो, आता नुसतं धावतं वर्णन करतो, क्रिकेटचं करतात तसं. कारण आमच्या चॅनलच्या मार्केटिंगच्या बाईंनी शोध लावलाय, की प्रेक्षक टीव्ही लावतो, समोर ऐसपैस बसतो आणि मान खाली घालून मोबाईल बघतो. टीव्ही आपला कानावर पडत असतो. तेव्हा 'तिचे डोळे भरून येतात' असलं काही लिहायचं नाही. बघतंय कोण? तिनेच म्हणायचं, "अगंबाई, माझे डोळे भरून आले!" नवरा घरात शिरतो तो ओरडतच, "मी आलोय, दमलोय आणि माझ्या हातात घटस्फोटाचे कागद आहेत!" असा कोण घरी येतो हो? तुम्ही येता?

बरं, त्या मोबाईलवर बघतात काय? तर आमचंच! सुनेला घराबाहेर काढावं का, यावर मतदान. लोकांनी 'काढा' म्हटलं की काढायची, आणि लगेच सासू-सून गळ्यात गळे घालून नाचतायत त्याचा रील. म्हटलं, "बाई, आत्ता तर ही पोरगी हमसून हमसून रडत होती." तर म्हणतात कशा, "सर, रडताना बघतंय कोण? नाचताना बघतात. आणि मागचा सोफा दिसला पाहिजे हं, तो विकायचाय." म्हणजे लिहितो मी, रडते नटी, आणि भाव खाऊन जातो सोफा.

पण एका प्रसंगासाठी मी हटून बसलो. तोच, दोन भावांचा. धाकटा दारात येतो, थोरला अंगणातल्या बाकावर बसलेला, काही बोलत नाही, नुसता जरा सरकतो. धाकट्यापुरती जागा करतो. संपलं. आता खरं सांगू? माझा दादा माझ्याशी बोलत नाही. आईच्या आजारपणात काहीतरी शब्दाला शब्द लागला आणि जे तुटलं ते तुटलंच. पण त्याच्या घरी ही मालिका रोज लागते, वहिनीने गुपचूप कळवलं होतं. मला जे फोन करून बोलता येईना, ते मी त्या बाकावर ठेवलं होतं. बाईंच्या हातापाया पडलो, शेवटी म्हणाल्या, "घ्या तुमचं एकदा."

भाग लागला. आमच्या घरी सौभाग्यवती मोबाईलमध्ये, चिरंजीव मोबाईलमध्ये, मी एकटा टीव्हीकडे बघतोय, वेड्यासारखा. धाकटा दारात आला, सगळं शांत झालं, आणि काय सांगू, दोघांनीही माना वर केल्या! म्हटलं, बघतायत, अहो, बघतायत! तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, आवाज गेला वाटतं." चिरंजीवांनी उठून टीव्ही बंद करून परत चालू केला. चित्र आलं तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती.

पण तेही सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, बघतो तर दादा! एवढ्या वर्षांनी, स्वतःहून! मी कसंबसं म्हटलं, "दादा..." तर पलीकडून, "काल तुझ्या मालिकेचा आवाज गेला होता. मी त्या डब्यावर थपडा मारून मारून दमलो. सांग तुझ्या लोकांना."

म्हटलं, "दादा, आवाज नव्हताच तिथे. तू चित्र नाही बघितलंस?"

"चित्र बघतंय कोण?" म्हणाला, आणि ठेवला फोन. मी परत लावला, तर उचलला नाही.

चॅनलकडे म्हणे तक्रारींचा ढीग पडला, आवाज गेला, आवाज गेला. परत दाखवायचा म्हणून बाईंनी प्रसंग पुन्हा लिहायला लावला. लिहिला, काय करता? आता थोरला खणखणीत आवाजात म्हणतो, "मी सरकतोय रे. तुझ्यासाठी जागा केलीय. ये, बस." दादाला निदान ऐकू तरी जाईल. बाईंनाही एका वाचनात पसंत पडला. फक्त अंगणातला तो बाक काढलाय. सोफा ठेवलाय.