साहेबांची घंटी आणि हायड्रोजन

कर्रऽ, कर्रऽ, मग एक छोटं कर्र. बाईंच्या रेडिओतला तो आवाज मला अजून आठवतो. दिल्लीत एका प्रयोगशाळेत मी मोठ्या साहेबांचा शिपाई होतो. तारे पेटायच्याही आधी विश्वात जो हायड्रोजन होता, त्याच्या क्षीण लहरी या मराठी बाई गच्चीवरच्या अँटेनाने शोधायच्या. माझ्यासारख्या चौथी पास माणसालाही त्यांनी ते नीट समजावलं होतं. पण ही खरखर सगळ्या नोंदी बिघडवायची. तिचं कारण सापडलं नाही, तर सोमवारी अँटेना उतरवायचा हुकूम होता.

त्या दिवशी वरच्या खोलीत बाईंपुढे चहा ठेवताना खरखर झाली आणि मी दचकलो.

"बाई, दोन लांब, एक छोटी. खाली साहेब मला अशीच घंटी देतात. इथवर ती ऐकू येत नाही."

बाई ताडकन उठल्या. "काका, चला!"

साहेब खाली माझ्यावरच चिडून बसले होते. बाई सरळ म्हणाल्या, "सर, आपकी घंटी की चिंगारी हमारा अँटेना पकड़ रहा है. बंद करनी पड़ेगी."

"तो मेरा पानी कौन लाएगा?"

"सर, हायड्रोजन तेरह अरब साल से पुकार रहा है. पहले उसकी सुन लें?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी स्वतःच्या हाताने घंटीची तार उपटली, रिकामा पेला उचलला आणि माठाकडे निघून गेले.