चाळिसाव्याला सात दिवस

सुहाना : अम्मी, पुन्हा दाबून बघितलं. 'हा कार्यक्रम आता उपलब्ध नाही.' हेच येतंय.

हुसेनबी : असं कसं? तू म्हनली व्हतीस, सेव्ह केलंय.

सुहाना : लिंक सेव्ह केली गं. आवाज त्यांच्याकडंच राहतो, हे मला काय ठाऊक! सगळ्या ग्रुपवर धाडली, पण उतरवून कुणीच घेतला न्हाई.

हुसेनबी : मंग सैफला काय ऐकवायचं? चाळिसाव्याला सात दिवस राहिलेत. बापाच्या मातीला यायला जमलं न्हाई त्याला. कुवेतमधी तर लागतच न्हाई म्हनं.

सुहाना : देशाबाहेर बंदच ठेवलंय. थांब, रेडिओच्या ऑफिसला फोन लावलाय. स्पीकरवर टाकते, तू मधी बोलू नको.

नीलम : रेडिओ केंद्र. नीलम बोलतेय.

सुहाना : मॅडम, मी सुहाना, शिरूरवरून. शेतीच्या कार्यक्रमात माझ्या अब्बांची मुलाखत लागली होती. लालमहंमद मिस्त्री.

नीलम : आवाजावरून पाण्याच्या मोटारीचा बिघाड ओळखणारे! मीच घेतली होती. कसे आहेत?

सुहाना : गेले ते. मुलाखत लागली तो तिसरा दिवस होता.

नीलम : अरे देवा! मला कुणी कळवलंच नाही.

हुसेनबी : बाई, तवा घरात रेडिओ लावला न्हाई. मीच म्हनले, पोरगा आला की चाळिसाव्याला समदी मिळून ऐकू. माजंच चुकलं.

नीलम : तुमचं कसं चुकलं, मावशी? इंटरनेटवर तीसच दिवस ठेवतो आम्ही. रेडिओवर ऐकवायला सरकारचे पैसे येतात, इंटरनेटवर ठेवायचा खर्च वेगळा. त्याला प्रायोजक लागतो. खताच्या कार्यक्रमाला मिळाला, तो वर्षभर राहणार. मिस्त्रींच्या कार्यक्रमाला कोण पुढं येणार?

सुहाना : मग आम्हाला कॉपी तरी द्या.

नीलम : अर्ज लागतो. त्यावर ज्याचा आवाज, त्याची सही.

सुहाना : मॅडम...

नीलम : हो गं, कळतंय. मग सगळ्या वारसांच्या सह्या, वरून मंजुरी. दोन-तीन महिने धर.

हुसेनबी : पोराला आठ दिसांची सुट्टी हाय! मी सोता आले असते हो तुमच्या पाया पडायला, पन इद्दतीत हाय. चार म्हैनं धा दिस उंबरा वलांडता येत न्हाई. कुनाला धाडू? काय करू?

नीलम : मावशी, रडू नका. एक मिनिट हं, दार लावून येते.

सुहाना : मॅडम? हॅलो? मॅडम!

हुसेनबी : ठिवला असंल. कोन कुनाचं ऐकून घेतंय.

सुहाना : चालू दिसतोय गं. पण काहीच येत न्हाई.

नीलम : आहे, आहे. सुहाना, नीट ऐक. कार्यक्रम मला बाहेर देता येत नाही. पण संग्रहात टाकायच्या आधी एकदा वाजवून तपासावा लागतो. तो आता तपासते. फोन टेबलावरच राहील. तिकडं तू काय करतेस, ते मला इथून दिसत नाही.

सुहाना : कळलं, मॅडम. अम्मी, दादाचा जुना मोबाइल दे, लवकर! चार्जिंग हाय का त्याला? हां, झालं चालू. लावा, मॅडम.

(फोनमधून खरखर, मग लालमहंमद यांचा आवाज.)

लालमहंमद : मोटार आधीच सांगत असती हो, बिघडनार हाय म्हनून. पन घरातलं मानूस सांगतंय ते तरी कोन ऐकतंय?

हुसेनबी : आन् आता सांगताय व्हय? छातीत दुखतंय तर दवाखान्यात चला म्हनत व्हते, ऐकलं का माजं?

सुहाना : अम्मी, गप! तुझा आवाज उतरतोय त्यात.

हुसेनबी : उतरू दे. सैफला कळंल, मी सांगितलं व्हतं त्यांना.