अर्धाच चेहरा

…आणि वर ती मुलगी मला शांतपणे सांगते काय, "मॅडम, आम्ही अर्धाच चेहरा करतो." अर्धाच! आता तुम्हीच सांगा, कुठल्या न्हाव्याने कधी कुणाची अर्धी दाढी करून, "बघा, फरक कळतोय ना?" म्हणत वस्तरा पुसून ठेवलाय? शिंप्याने एक बाही शिवून, "दुसरी तुम्ही घरी शिवून बघा" असं म्हटलंय? माझी अपेक्षा फार नव्हती हो! जितका चेहरा घेऊन मी दुकानात आले होते, तितका सगळा करून मिळावा, एवढंच!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ही बाई मुळातच भांडकुदळ. मी भांडकुदळ नाहीये. माझ्या पायावर कुणी पाय दिला तर मीच सॉरी म्हणते. आणि गंमत ऐका, माझी नोकरी कसली? तक्रारींची! वॉशिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत, तक्रारींचे फोन घेणाऱ्या पोरापोरींना बोलायचं कसं ते मी शिकवते. म्हणजे 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, आधी ग्राहकाला काय वाटतंय ते आपण बोलून दाखवायचं, मग हळूच नियम सांगायचा, आणि शेवटी विचारायचं, "आणखी काही मदत करू शकते का?" हे सगळं मी शिकवते… शिकवायचे. मग पिल्लू झालं, मी रजेवर गेले, आणि माझ्या टेबलावर एक बदली गृहस्थ येऊन बसले. कडक इस्त्री, चकचकीत चष्मा, आणि रात्रभर झोपणारे! झोपलेला माणूस लांबून ओळखू येतो हो, तुम्हाला सांगते. त्याच्याकडे बघून मला हल्ली तसं वाटतं जसं पूर्वी श्रीमंतांकडे बघून वाटायचं.

तर रजा संपत आली आणि आमच्या मोठ्या बाईंचा निरोप आला, "चारला येऊन जा, पुढचं बोलू." पुढचं बोलू! म्हणजे काय बोलू? टेबल परत देऊ असं बोलू, की टेबल गेलं असं बोलू? झालं, माझ्या डोक्यात चक्र सुरू. नवरा म्हणाला, "अगं, चांगलंच बोलतील." म्हटलं, "चांगलं असतं तर निरोपातच नसतं का लिहिलं?" तो म्हणाला, "बरं, मग वाईट बोलतील." असा आमचा मानसिक आधार!

आणि चेहरा? चेहऱ्याचं काय सांगू! डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं, की चष्मा काढून ठेवला तरी घातल्यासारखा दिसेल. हा चेहरा घेऊन बाईंसमोर बसले असते तर त्यांनी टेबल सोडा, मला उशी दिली असती. म्हणून ठरवलं, ऑफिससमोर ते भलंमोठं दुकान आहे ना, काचेचं, ज्याच्यात शिरताना उगाच चपला काढाव्यात की काय असं वाटतं, तिथे जायचं, भारीतलं फाउंडेशन घ्यायचं, तिथल्या तिथे लावून घ्यायचं, आणि रस्ता ओलांडून थेट मीटिंगला. घेणार होते हो मी! फुकट लावून पळणाऱ्यातली नाही मी! पिल्लूला सांभाळायला सासूबाई बरोबर. म्हणजे योजना कशी चोख!

आत शिरले. पाच काउंटर, पाच कंपन्या, काळ्या कपड्यातल्या पाच मुली, आणि एकही माझ्याकडे बघेना. मला लगेच वाटलं, खांद्यावर दुधाचा डाग आहे म्हणून बघत नाहीत. तेवढ्यात एक आली, "मे आय हेल्प यू, मॅडम?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नाही नाही, मी नुसतं बघतेय!" कशासाठी? कशासाठी म्हणाले मी असं? ती बिचारी परत गेली, आणि मी पुन्हा रागावले की कुणी विचारत नाही! शेवटी सासूबाईंनीच हाक मारली, "ए बाळा, इकडे ये. हिला झोपल्यासारखी कर."

"झोपल्यासारखी?"

"म्हणजे झोप झाल्यासारखी गं! चारला मीटिंग आहे तिची."

मुलगी गोड हसली. मला उंच स्टुलावर बसवलं, केसांना चाप लावले, चार बाटल्यांचे चार ठिपके जबड्यावर लावून मान तिरकी करून बघितलं, आणि म्हणाली, "ही तुमची शेड." मग सुरू! ब्रश काय, स्पंज काय, डोळ्यांखाली करंगळीने टपटप टपटप… अहो, इतक्या मायेने माझ्या तोंडाला कुणी हात लावून किती महिने झाले होते! पिल्लूचा हात लागतो, पण तो नाकपुडीत. माझे डोळेच मिटले. मला वाटतं मी क्षणभर घोरलेसुद्धा. आणि मग ती म्हणाली, "झालं, मॅडम. बघा."

बघितलं. आई गं! डावीकडे एक बाई होती, अशी तुकतुकीत, रात्री आठ तास झोपणारी, सकाळी पोहायला जाणारी, जिचं पोर स्वतः उठून स्वतःचं दूध बनवून पितं अशी! आणि उजवीकडे… उजवीकडे मी.

मी म्हटलं, "छान! आता ही बाजू." आणि तेव्हा ती म्हणाली ते ऐतिहासिक वाक्य, "मॅडम, आम्ही अर्धाच चेहरा करतो. दोन बाजूंतला फरक कळावा म्हणून."

"कळला! फरक कळला! फार कळला! आता दे ना ती बाटली, मी घेतेय."

ती खाली वाकली, खण उघडला, बंद केला, दुसरा उघडला, बंद केला, आणि सरळ झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू बघूनच मला कळलं. ते हसू मी शिकवते! "मॅडम, ही शेड लवकरच उपलब्ध होतेय." नाही म्हणाली का? नाही म्हणाली! संपलीये म्हणाली का? नाही! पैसे घेऊन उभी आहे मी, आणि बाटली आहे फक्त ती एक, वापरून दाखवायची!

"मग त्याच बाटलीतून ही बाजू कर ना गं."

"मॅडम, तुम्हाला अपुरं वाटतंय, हे मी समजू शकते." आधी भावना बोलून दाखवली! "पण आमच्याकडे पूर्ण चेहरा अपॉइंटमेंटनेच होतो." मग हळूच नियम सांगितला! "पूर्वी करायचो, पण बायका पूर्ण चेहरा करून घ्यायच्या आणि तशाच लग्नाला जायच्या." आणि शेवटी, हो, शेवटी म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का?" मी तिच्यावर ओरडू तरी कशी? दहापैकी दहा मार्क होते हो त्या पोरीला! माझ्या पोरापोरींना इतकं सफाईदार जमलं नव्हतं कधी!

पण सासूबाईंना कुठे मार्क द्यायचे होते? त्या पिल्लूला कडेवर घेऊन पुढे सरसावल्या. "हे बघ बाळा, बुटाच्या दुकानात एकच बूट घालून दाखवतात. बरोबर? पण म्हणून माणसाला एका बुटावर घरी पाठवतात का?"

"आजी, तुमची भावना—"

"माझी भावना राहू दे, हिचा गाल बघ!"

माझी अपेक्षा फार नव्हती हो! निदान लोकांनी जमू नये, एवढी तर होती? पण जमले! आणि त्यात पिल्लू. पिल्लूला माझी डावी बाजू दिसली की ओठ बाहेर, भोकाड तयार. मी घाबरून मान फिरवली की उजवी बाजू दिसून खुदकन हसू. डावी, रडू. उजवी, हसू. दोन-तीनदा झाल्यावर बघ्यांतली एक बाई म्हणाली, "अय्या, बाळाला ओरिजिनल आवडतंय!" ओरिजिनल म्हणे! बाळाला आवडून काय उपयोग, बाळ मला टेबल देणारे का?

"मॅडम, पुसून देऊ?" मुलीने विचारलं. "पुसल्यावर गाल थोडा वेळ लाल राहील."

म्हणजे एका बाजूला काळी, एका बाजूला लाल. नको! आणि मग मला अशी कल्पना सुचली, अशी सुचली, की माझ्या टेबलावरच्या त्या इस्त्रीवाल्या गृहस्थांना जन्मात सुचली नसती. शेजारचा काउंटर! दुसरी कंपनी! तीही अर्धा चेहरा करत असणारच. दोन कंपन्या, दोन अर्धे, हिशेब जुळला! मी केसांना चाप लावलेल्या अवस्थेतच धावले, तिथल्या स्टुलावर उडी मारून बसले आणि उजवा गाल पुढे केला. "ट्रायल! लवकर!"

ती मुलगी माझ्या उजव्या गालाकडे बघते, डाव्याकडे बघते, छताच्या दिव्याकडे बघते, आणि म्हणते, "सॉरी मॅडम… आम्ही नेहमी डावीच बाजू करतो."

"का पण?"

"आमचा दिवा डावीकडे आहे."

सासूबाई म्हणाल्या, "मग तू हिला उलटी बसव!" मुलगी म्हणाली, "मग दिवा पाठीवर येईल." सासूबाई म्हणाल्या, "मग दिवा फिरव!" ती म्हणाली, "दिवा कंपनीने बसवलाय." तेवढ्यात समोरच्या घड्याळात चारला पाच मिनिटं! मी चाप काढले, पर्स उचलली आणि पळाले. पाठीमागून सासूबाईंचा आवाज, "अगं, डावीकडूनच बोल! डावीकडूनच!"

आता तुम्ही म्हणाल, हा काय सल्ला झाला? पण मी तोच पाळला हो. बाईंच्या केबिनमध्ये शिरले तीच खेकड्यासारखी, आडवी. नशीब बघा, खुर्चीच्या उजव्या हाताला खिडकी. बसले आणि मान वळवून जी खिडकीला नजर लावली, ती लावलीच. बाहेर समोरच्या इमारतीत एक माणूस एसी दुरुस्त करत होता. पुढचं सगळं बोलणं मी त्या माणसाकडे बघून केलं.

बाई म्हणाल्या, "कशी आहेस?"

"उत्तम," मी एसीवाल्याला सांगितलं.

"हे बघ, आता तुला बाळ आहे, तुझी दगदग नको. तू आता अर्धवेळ ये. सकाळी फोन घे. ट्रेनिंगचं टेबल त्यांच्याकडेच राहू दे."

अर्धवेळ! आणि तेही फोन घ्यायला! मी शिकवलेल्या पोरांच्या शेजारी बसून मीच म्हणायचं, तुमची अडचण समजू शकते? आणि माझा स्वभाव तर तुम्हाला माहितीये, मी तिथल्या तिथे "चालेल चालेल" म्हणून मान डोलावणार… पण मान डोलावायची कशी? हलवली की उजवी बाजू दिसणार! बरं, नुसतं तोंडाने म्हणावं, तर 'चालेल' म्हटलं की माझी मान आपोआप डोलतेच. म्हणून मी गप्प. खिडकीकडे बघत गप्प.

"म्हणजे… तुला पटलं नाही का?"

एसीवाल्याच्या हातातून स्क्रू पडला.

"बरं, पूर्णवेळ ये. मग तर झालं?"

आता हो म्हणायला हवं होतं की नाही? पण 'हो' म्हणताना तर माझी मान दुप्पट डोलते, म्हणून मी खुर्ची घट्ट धरून बसले. बाईंना वाटलं, माझं अजून ठरत नाहीये. त्या पुढे वाकल्या, "दुसरीकडे बोलणी चाललीयेत का तुझी? खरं सांग. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीयेस. इतकी ताठ कधी झालीस तू?"

ताठ! मी! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला ताठ म्हणालं हो, आणि ते माझ्या मानेला रग लागली होती म्हणून!

"बरं बाई, घे," त्या म्हणाल्या. "ट्रेनिंगचं टेबल तुझं. त्यांना मी दुसरीकडे बसवते. आता तरी बोल!"

आणि मी… माझं काय झालं कळलंच नाही, आनंदाने गर्रकन वळले, "थँक यू, मॅडम!" आख्खा चेहरा. दिव्याखाली. दोन्ही बाजू.

बाई बघत राहिल्या. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. पुन्हा डावीकडे. मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलतात तसं म्हणाल्या, "…घरी सगळं बरंय ना?"

बरंय हो! फार बरंय! टेबल मिळालं! सासूबाईंनी दुकानात माझा नंबर देऊन ठेवला होता, तर आठवड्याने तिथून फोनही आला, "मॅडम, तुमची शेड उपलब्ध झालीये." गेले, घेतली. त्या मुलीला म्हटलं, दुकान सोडावंसं वाटलं तर माझ्याकडे ये, मला तुझ्यासारखीच हवीये. सगळं जमलं. फक्त एकच झालं… बाईंनी माझं टेबल हलवून आणलं त्यांच्या केबिनच्या काचेला लागून, "म्हणजे लक्ष राहील तुझ्या तब्येतीवर." आणि तिथे बसलं की काचेतून त्यांना दिसतो माझा फक्त उजवा गाल. आता पिल्लू मला सकाळी आरशासमोर उभं राहू देतं ते एकाच गालापुरतं, की झालाच भोंगा सुरू. म्हणून मी उजवाच करते आणि पळते. डावीकडे ट्रेनिंगची पोरं बसतात, ती बिचारी काही बोलत नाहीत. आणि बाटलीचं म्हणाल तर, दुप्पट दिवस पुरतेय.