त्या खोलीतला फोन

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरचे नौदलाचे मोठे अधिकारी, पाहुणे मंडळी, आणि मागच्या रांगेत पाठ ताठ करून बसलेल्या, नव्या दलातल्या माझ्या लेकरांनो,

नौदलात सायबर सुरक्षेचं कायमचं दल आजपासून उभं राहिलं, म्हणून ही सभा. त्यासाठी भांडलेल्या माझ्या नातीचा सत्कार आहे, आणि तो घ्यायला ती नाही, म्हणून मानपत्र माझ्या हातात. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी मला भाषण लिहून दिलंय. छानच असेल. पण माझी शाळा दुसरीत सुटली, त्यातली जोडाक्षरं बघूनच धाप लागली. तेव्हा आपलं माझंच बोलते.

घरी तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. एका जागी बसणं ठाऊकच नाही. ही पोरगी दिवसभर संगणकापुढे बसते, हे मला खरंच वाटेना. मी म्हणायचे, "अगं, जहाजाला चोर कुठला? पोहत येणार का?"

"आजी, आताचा चोर घरी गादीवर बसून येतो. जहाज त्याचं ऐकायला लागतं आणि कप्तानाला पत्ताही नसतो."

असल्या चोरांचा हल्ला झाला की हिच्यासारख्यांचं पथक जहाजांवरून उचलून आणायचे, गोदामामागच्या एका खोलीत बसवायचे. डोळे खोल जाईस्तोवर पोरं राबायची. हल्ला निभावला की जा आपापल्या जहाजावर. गरज सरो, वैद्य मरो! मला सांगा, चोर पळाला म्हणून दाराची कडी कोणी उपटून ठेवतं का? तिने वर हेच विचारलं, अर्थात सभ्य भाषेत. उत्तर आलं, पुढच्या वेळी बघू. अध्यक्षसाहेब, मान खाली घालू नका, ते उत्तर तुमच्या आधीच्यांचं होतं. घातलीत तरी चालेल म्हणा.

शेवटच्या वेळीही पथक मोडलं. खोलीला कुलूप भिंगरीनेच लावलं, किल्ली जमा केली आणि जहाजावर गेली. पुढचं मला त्या जहाजाच्या कप्तानांनी घरी येऊन सांगितलं, उभ्या उभ्याच. बसा म्हटलं तर बसवेना त्यांना.

दाट धुकं होतं. पडद्यावर खोल पाणी दिसत होतं आणि पुढे होता खडक. आकडे कोणीतरी बाहेरून फिरवलेत, हे आधी तिच्या लक्षात आलं. तिने त्याच खोलीचा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

कप्तान म्हणाले, "तिथे आता कोणी नाही."

"माहीत आहे, सर. पण उचलेल कोणीतरी."

मग फोन त्यांच्या हातात देऊन, बाहेरच्याचा हात जहाजावरून सुटावा म्हणून ती यंत्रांच्या तारा तोडायला खाली गेली. जहाज खडकाला लागलं, ते नेमकं तिथेच.

बाकी सगळे वाचले. बरं झालं. त्यांनाही आज्या असतील.

नवं दल त्याच खोलीत बसणार, आणि खोलीला तिचं नाव देताय म्हणे. नको. नावाची पाटी असली म्हणून कुलूप लागायचं थांबत नाही. फोनचा नंबर तेवढा जुनाच ठेवलाय, असं मघाशी कळलं. तो तिने माझ्याकडून पाठ करून घेतला होता. मी अधूनमधून लावीन. काम काही नसेल. उचलायचा आणि "बोला" म्हणायचं, बस्स. मी लगेच ठेवून देईन.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, उपकार झाले. जीभ तिखट आहे माझी. अधिकउणं बोलले असेन तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला.

फोन तेवढा उचला.