भागुजीबुवांचा डावा हात

आता टाळ जरा मांडीवर ठेवा, माउली. निरूपण झालं. तिकडे दोघा-तिघांनी खांबाला पाठ टेकली तेही मी पाहिलं – टेका, टेका, चार वर्षं दमलात. कान मात्र इकडे असू द्या, कारण आता आख्यान लावतोय.

त्याआधी एक प्रश्न. उद्या सकाळी याच मांडवात तुम्हाला पदव्या मिळणार. वस्तू घडवणारी, यंत्रं घडवणारी तुम्ही मुलं. मला सांगा – ज्याचं काम पहिल्या झटक्यात जमलं तो मोठा, की ज्याचं काम चारचौघांत फसलं आणि तरीही जो त्याच दारात पुन्हा जाऊन उभा राहिला, तो मोठा? कोण म्हणालं, 'दुसरा'? अरे, मला खूश करायला म्हणालास! घाई करू नकोस बाबा, परीक्षा संपली तुझी.

आणि आणखी एक. पखवाज मघापासून गवसणीतच आहे, वाजवायला कोणी नाही. तुमच्या कुलगुरूंनी हळूच विचारलं, 'महाराज, मृदंगाचार्य आले नाहीत का?' आलेत साहेब. थांबा थोडं. आणि तो कोपरा बघा – आपल्याकडे पाठ करून एक फेटेवाले आजोबा परातीत कणीक मळतायत. त्यांना बघून भूक लावून घेऊ नका. ती पुऱ्यांची कणीक नाही.

तर ऐका!

तुमच्याच या विद्यापीठातली एक मुलगी. केतकी वाघचौरे. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मुलगी वस्तूंचं डिझाइन शिकायला आली. ती बघा, पाचव्या रांगेत मैत्रिणीच्या पाठीमागे लपली! लपू नकोस बाळ, तुझी निंदा करायला नाही उभा राहिलो मी.

शेवटच्या वर्षाला यांना एक प्रोजेक्ट असतो. खऱ्या माणसाची खरी अडचण शोधायची आणि तिच्यावर वस्तू घडवायची. मग पाच परीक्षक बसतात – ज्युरी म्हणतात त्यांना – आणि पास-नापास सांगतात. केतकी सुटीत आजोळी गेली होती, पिंपळदरीला. देवळात भजन चालू होतं. तिला दिसलं, एक म्हातारा माणूस उजव्या हाताने मांडीवर ठेका धरतोय आणि डावा हात उपरण्याखाली झाकून बसलाय.

ते भागुजीबुवा शेटे. मंडळी, या माणसाने वीस वर्षं माझ्यामागे गळ्यात पखवाज घालून साथ केली. मी शब्द विसरलो तर यांनी ठेक्याने आठवून द्यावा, अशी साथ. आणि पाच वर्षांपूर्वी गोठ्यात कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेला. डाव्या हाताची पाचही बोटं गेली, अर्धा तळवा तेवढा राहिला. बुवांनी पखवाज खुंटीला लावला, वाद्या ढिल्या केल्या. मी भेटायला गेलो तर हवापाण्याचं बोलले, पखवाजाचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. भित्रा माणूस मी, कीर्तनात शूर.

ही पोर मात्र भजन संपल्यावर सरळ त्यांच्यापुढे जाऊन बसली. म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला हात करून देते. तुम्ही पुन्हा वाजवाल."

वय वर्षं एकवीस! काय बोलतोय याचा काही विचार? बुवा म्हणाले, "दे."

एवढंच. आणि त्या एका शब्दाने मुलीची झोप गेली.

वर्षभर खपली. बुवांचा चांगला उजवा हात यंत्राने मोजला, संगणकात उलटा केला आणि डावा घडवला. पाच बोटं. बोटांना नखं, नखांना अर्धचंद्र. रंग बुवांच्या कातडीचा, शेतात रापलेला, हुबेहूब. मऊ रबराचा तळवा. बघणाऱ्याने हातात हात द्यावा, असा हात!

आता चाचणी. पखवाजाचं डावं तोंड कसं असतं? वाजवायच्या आधी त्याच्यावर ओल्या कणकेचा गोळा थापतात. कणकेशिवाय ते तोंड घुमत नाही. केतकीला हे माहीत होतं. कणकेचा डबा घेऊन ती प्रयोगशाळेच्या दारात गेली, तर दारावर पाटी: 'खाद्यपदार्थ आत आणू नयेत.' आतले साहेब म्हणाले, "नियम म्हणजे नियम. मुंग्या होतात." मग हिनेही तोड काढली. कणकेच्या वजनाची रबराची चकती डाव्या तोंडावर बसवली, यंत्राला हात बांधला आणि दहा हजार फटके मारून घेतले. एकही फटका चुकला नाही. कागदावर सगळे आकडे बरोबर.

हसताय? ही चूक तुमच्याशिवाय कोण करणार? आमच्या गावातला अडाणी माणूस करूच शकणार नाही, कारण त्याच्याकडे प्रयोगशाळाच नाही.

एकादशीला ती हात घेऊन पिंपळदरीला गेली. बातमी आधीच पोचलेली. देऊळ भरलेलं, बायका पायऱ्यांवर, पोरं कट्ट्यावर. बुवांनी फेटा बांधला. चार वर्षांनी पखवाज काढला, वाद्या आवळल्या, उजव्या हाताने कणीक मळून डाव्या तोंडावर थापली. केतकीने मनगटावर पट्टा बांधला. बुवांनी डोळे मिटले, हात उचलला आणि मारला.

थप्प.

घुमलं नाही. आणि हात वर येईना! मऊ रबर ओल्या कणकेला असं चिकटलं की बुवांनी ओढला तेव्हा कणकेचा अख्खा गोळा हाताबरोबर वर आला आणि लोंबायला लागला. कोणीतरी हसलं. एक हसलं की दुसऱ्याला येतं, तुम्हाला माहीत आहे. दुष्ट नव्हती माणसं, पण हसली.

बुवांनी उजव्या हाताने पट्टा सोडला, रबरी बोटांवरची कणीक एक-एक करून पुसली, हात उपरण्यात गुंडाळून केतकीच्या हवाली केला. म्हणाले, "पोरी, दिसायला लई देखणा झालाय."

मंडळी, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या एका वाक्याने तिच्या काळजाचं पाणी झालं.

आठ दिवसांनी ज्युरी. हातात दहा हजार फटक्यांचे कागद. ते पुढे ठेवले असते तर पास होती, परीक्षकांपैकी कोणी पिंपळदरीला गेलं नव्हतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "हा हात दिसतो चांगला. वाजत नाही." सगळी हकीकत सांगितली, हसण्यासकट. परीक्षकांनी ऐकून घेतलं आणि लिहिलं: अपूर्ण. एक वर्ष गेलं.

गेल्या वर्षी तिच्या मैत्रिणी इथे पदव्या घेत होत्या तेव्हा ही घरी भिंतीकडे तोंड करून पडलेली. आई जेवायला उठवून थकली. शेवटी वडील ड्यूटीवरून आले, ऑइलचे हात पुसत दारात उभे राहिले आणि म्हणाले, "केतके, डेपोतून दुरुस्त होऊन गेलेली गाडी परत आली, की आम्ही पहिल्यांदा काय करतो? ड्रायव्हरला विचारतो, आवाज कुठून येत होता. तू तुझ्या ड्रायव्हरला विचारलंस का?"

"कोणत्या तोंडाने जाऊ, पप्पा?"

"ह्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार?"

गेली! एसटीतून उतरून वस्तीपर्यंतचं दीड मैल अंतर चालायला तिला दोन तास लागले. मध्ये तीनदा परत फिरली, हे तिने स्वतः मला सांगितलं. दारात जाऊन उभी राहिली, पण हाक मारायचा धीर होईना. आत चुलीपुढे बुवांच्या मंडळी, हौसाबाई, भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली. "आत ये की. दार काय पडतंय व्हय, धरून उभी राहायला?"

बुवा ओसरीवर होते. केतकी त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, माझं चुकलं. मी तुम्हाला विचारलंच नाही. तुम्हाला काय पाहिजे होतं?"

बुवा म्हणाले, "बोटं नको मला. बोटांचं काय करू या वयात, मोजू? मला घुमारा पाहिजे, पोरी. बास."

घुमारा. म्हणजे तो खालून उठणारा, छातीत शिरणारा आवाज. वर्षभर ही पोर हात घडवत होती, आणि बुवांना हात नकोच होता!

आणि तेवढ्यात तिला आवाज ऐकू आला. थप, थप, थप. चुलीकडून. तिने वळून पाहिलं. हौसाबाईंचा तळवा ओल्या पिठावर पडत होता, उठत होता. पडत होता, उठत होता. आणि काही चिकटत नव्हतं!

माउली, आयुष्यभर रोज दोन वेळा तुम्ही हे पाहिलंय. मीही पाहिलंय. कोणी कधी विचारलं, का चिकटत नाही? आपण फक्त विचारलं, भाकरी झाली का.

केतकी चुलीपाशी जाऊन बसली. "आजी, हात दाखवा. सावकाश थापा." हौसाबाई म्हणाल्या, "ह्यात काय बघायचंय?" पण थापली. तेव्हा तिला दिसलं. तळवा सपाट पडत नाही, मध्ये खळगा राहतो, त्या खळग्यात वारा राहतो. बोटं जुळलेली असतात, पडल्या पडल्या मागे उसळतात. आणि दर चार थापांनी हात नकळत कोरड्या पिठाला लागून येतो. पोरीच्या डोळ्यांना धारा लागल्या. हौसाबाईंना वाटलं, धूर गेला.

मंडळी, मी चाळीस वर्षं देव कुठे-कुठे आहे ते सांगत फिरतोय. परातीत आहे, असं मला कधी सुचलं नव्हतं.

पण लगेच जमलं असं समजू नका! पुढचे आठ महिने ती दर शनिवारी पिंपळदरीला. पहिला नवा हात तडकला. दुसरा हलका झाला, आवाज पत्र्यासारखा. तिसऱ्याने पखवाजाचं कातडंच फाडलं, तेव्हा बुवा दोन शनिवार बोलले नाहीत आणि ती दोन्ही शनिवारी ओसरीवर बसून परत आली. असे सात हात वाया गेले. कणकेवरच चाचणी व्हावी म्हणून विद्यापीठात तिला शिकवणाऱ्या बाईंनी प्रयोगशाळेच्या दारावरची ती पाटी स्वतःच्या हाताने काढली. मुंग्या झाल्या, बरं का. साहेबांचं म्हणणं खरं होतं.

आठवा हात. त्याला बोटं नाहीत. नखं नाहीत. आत बांबूच्या पातळ कामट्या, दाबल्या की उसळणाऱ्या. वरून बकऱ्याचं कमावलेलं कातडं, मध्ये खळगा. लांबून उलथनं वाटेल. ज्युरीपुढे ठेवला तर एक परीक्षक म्हणाले, "हा हातासारखा दिसत नाही." केतकी म्हणाली, "हो सर, दिसत नाही." आणि बुवांनी ओसरीवर वाजवलं होतं ते फोनवर ऐकवलं.

पास झाली. उद्या पदवी घेईल. पण आख्यान संपलं नाही अजून! कारण बुवा ओसरीवर वाजवत होते, एकटे. देवळात या म्हटलं तर म्हणत, "एकदा हसू झालंय माझं." त्यांची पाळी राहिली होती त्याच दारात पुन्हा जायची. मग महिन्यापूर्वी त्यांनी मला निरोप धाडला: "पोरीची पदवी आहे. तिथं तुमचं कीर्तन असेल तर साथीला मी येतो."

आता कोपऱ्याकडे बघा. उठले. फेटेवाले आजोबा उठले. गवसणी काढा रे त्या पखवाजाची! या बुवा, वाट द्या त्यांना. मळून झाली कणीक?

बघा, गळ्यात पखवाज घातला. डाव्या तोंडावर कणीक थापली. उपरण्यातून काय काढलं ते पाहा. हाच तो. काय केतकी, उभी का राहिलीस? काय म्हणतेस?

"आजोबा, पीठ!"

ऐकलंत? हजार माणसांत ओरडली. तिला एवढंच दिसतंय की कोरडं पीठ लावायचं राहिलं. बुवा हसतायत. कमरेची पिशवी दाखवतायत तिला – हे बघ, विसरलो नाही. लावलं पीठ.

शांत बसा सगळे. बुवा, तुमच्या मनाने. मी गप्प राहतो.

…

मंडळी, हे छातीत शिरलं ना? हाच घुमारा. पाच वर्षं मी याच्याशिवाय उभा होतो आणि कोणाला बोललो नाही.

बुवा, तो हात वर करून दाखवा सगळ्यांना. काही चिकटलंय? कणकेचा कणही नाही.

आता माझा मघाचा प्रश्न तुमच्याकडे परत येतो. उद्या पदवी घ्याल, टोप्या उडवाल, फोटो काढाल. अभिनंदन तुमचं, मनापासून, कारण तुम्ही जे शिकलात ते पाहून मला म्हाताऱ्याला खरोखर हात जोडावेसे वाटतात. पण प्रत्येकाचं एखादं दार असतं. जिथे आपण शब्द दिला आणि काम फसलं, किंवा बोलायचं होतं ते बोलायचा धीर झाला नाही, आणि ज्या रस्त्याने आपण नंतर गेलोच नाही. माझं पिंपळदरीला होतं. तुमचं कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, मला सांगू नका. परवा तिकडची गाडी पकडा. दारात उभे राहा आणि विचारा, "तुम्हाला काय पाहिजे होतं?" पुढचं हाताला आपोआप कळेल.

केतकी, तू पुढे ये. इथे बुवांच्या बाजूला उभी राहा, टाळ घे. उठा मंडळी, सगळे उठा. नाव घेऊ या विठ्ठलाचं. ठेका बुवा धरतील.